रक्तातील प्लास्टिकजन्य रसायने कशी मोजावीत आणि आकड्याचा अर्थ कसा लावावा

‘माझ्या रक्तात प्लास्टिक किती आहे ते मोजून द्या’ अशी मागणी प्रयोगशाळेत आता वारंवार येते. तिच्यामागची काळजी खरी आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. मात्र या शब्दांत मागितलेली तपासणी कोणालाच करता येत नाही, कारण रक्तात ‘प्लास्टिक’ नावाचा एकच एक पदार्थ नसतो. तिथे असतात ती प्लास्टिक बनवताना वापरलेली, त्यात मिसळलेली किंवा त्यातून सुटलेली डझनावारी निरनिराळी रसायने. त्यातली काही सहा तासांत शरीराबाहेर जातात, तर काही सहा वर्षांनीही पुरती जात नाहीत. म्हणून ही तपासणी स्वतःसाठी करून घेणाऱ्याने, रुग्णाला ती सुचवणाऱ्या डॉक्टरने आणि एखाद्या वस्तीचा अभ्यास हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने कोणत्या क्रमाने विचार करावा, ते इथे सविस्तर मांडले आहे. हातात येणारा आकडा योग्य रसायनाचा, योग्य द्रवातला, योग्य नळीतला आणि योग्य वेळेचा असेल, तरच आरोग्याविषयी तो काही सांगू शकतो.

पहिली पायरी: रसायनाचे नाव ठरवणे

प्लास्टिकचा सांगाडा रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा असतो. त्याला मऊपणा, पारदर्शकता, आगीला तोंड देण्याची शक्ती किंवा चिकटपणाविरोधी गुण यावेत म्हणून त्यात इतर द्रव्ये मिसळली जातात. यातली बरीचशी द्रव्ये साखळीला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ती साखळ्यांच्या मधल्या जागेत नुसती राहतात, आणि उष्णता, तेलकटपणा किंवा काळ यांमुळे बाहेर झिरपतात. तपासणीच्या दृष्टीने त्यांचे चार गट पुरेसे आहेत.

पहिला गट बिस्फेनॉलांचा. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, पहिल्यांदा १८९१ मध्ये तयार झाले, आणि १९३०च्या दशकात एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी त्याचा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम दाखवला. पुढे तेच रसायन पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत, डबाबंद अन्नाच्या डब्यांच्या आतल्या इपॉक्सी अस्तरात आणि थर्मल कागदाच्या पावत्यांवर पोचले. त्याच्या जागी आलेली बीपीएस आणि बीपीएफ ही त्याचीच भावंडे आहेत. त्यामुळे ‘बीपीएमुक्त’ असा शिक्का असलेल्या वस्तू वापरणाऱ्याने तपासणी मागवताना या दोघांचीही नावे लिहावीत.

दुसरा गट थॅलेटांचा. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ असते. त्याला मऊ करण्यासाठी डीईएचपीसारखी थॅलेटे घालतात, आणि वैद्यकीय नळ्यांमध्ये त्यांचे प्रमाण वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. १९७० मध्ये जेगर आणि रुबिन या संशोधकांनी वैद्यकीय प्लास्टिकमधून ही द्रव्ये रक्तात उतरतात हे दाखवले. मानवी रक्त आणि प्लास्टिक यांच्या नात्याच्या शास्त्रीय अभ्यासातले हे एक आरंभीचे पान.

तिसऱ्या गटातली पीएफएएस संयुगे काटेकोर अर्थाने प्लास्टिकची घटकद्रव्ये नाहीत. परंतु न चिकटणारे फ्लोरिनयुक्त प्लास्टिक बनवताना आणि कागद-कापडावर तेल-पाणी न शोषणारा लेप देताना ती वापरली गेली, आणि रक्तात ती सर्वाधिक काळ टिकतात. चौथा गट पीबीडीई या ब्रोमिनयुक्त आगरोधकांचा; फोमच्या गाद्या आणि विद्युत उपकरणांची आवरणे हा त्यांचा मुख्य उगम. प्लास्टिकच्या प्रत्यक्ष कणांचा विषय वेगळा आहे, तो पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे.

दुसरी पायरी: रक्त की लघवी?

या पायरीवर सर्वाधिक पैसा आणि श्रम वाया जातात, म्हणून इथे थोडे थांबू.

तोंडावाटे पोटात गेलेले बीपीए यकृतातून जाताना बहुतांशी ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडले जाते आणि लघवीवाटे निघून जाते. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातले प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ, सुमारे सहा तास किंवा त्याहून कमी आहे. सहा तास धरले तरी २४ तासांत चार वेळा निम्मे होऊन मूळ प्रमाणाचा सोळावा भाग उरतो. काल दुपारी डबाबंद सूप घेतलेल्या माणसाच्या रक्तात आज दुपारी त्याचा माग जवळजवळ पुसलेला असतो, आणि तासाभरापूर्वी घेतलेल्याच्या रक्तात तो ठळक दिसतो. थॅलेटांचेही असेच आहे. एका दिवसाच्या आत त्यांचा बहुतेक भाग चयापचयित होऊन बाहेर पडतो. अशा रसायनांचे रक्तातले प्रमाण अतिशय कमी असते, लघवीत मात्र ते साठून अनेक पटींनी अधिक दिसते. त्यामुळे बीपीए आणि थॅलेटांसाठी रक्त न घेता लघवी तपासावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात २००३-०४ च्या फेरीतील २,५१७ व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के व्यक्तींमध्ये बीपीए आढळले, तेही लघवीतच मोजलेले होते.

पीएफएएस नेमके याच्या उलट वागते. पीएफओए, पीएफओएस यांसारखी संयुगे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतात, मूत्रपिंड त्यांना पुन्हा पुन्हा शोषून घेते आणि त्यांचा अर्धायुकाल वर्षांत मोजावा लागतो: पीएफओएचा साधारण दोन ते चार, पीएफओएसचा तीन ते पाच आणि पीएफएचएक्सएसचा पाच ते आठ वर्षे. इथे सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ द्रवाचा, एकच नमुना गेल्या काही वर्षांचा हिशेब सांगतो. पीबीडीई चरबीत साठतात आणि तीही सीरममध्येच मोजतात.

शितावरून भाताची परीक्षा पीएफएएसच्या बाबतीत करता येते, बीपीएच्या बाबतीत नाही. लवकर निघून जाणाऱ्या रसायनांसाठी लघवीचा एकच नमुना घेऊन थांबू नये. एका आठवड्यात किमान तीन नमुने, त्यातले काही सकाळचे आणि काही संध्याकाळचे, घ्यावेत, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर तारीख, वेळ आणि आधीच्या २४ तासांतला आहार लिहून ठेवावा. हे शक्य नसेल तर दिवसभराची सगळी लघवी एकत्र करून तिचा नमुना द्यावा.

तिसरी पायरी: नमुना घेताना

साखर किंवा हिमोग्लोबिन मोजताना नळीतून बाहेरची साखर किंवा हिमोग्लोबिन मिसळण्याची भीती नसते. इथे मात्र जे मोजायचे आहे, तेच सुईच्या दांड्यात, नळीच्या बुचात, हातमोजांत, खोलीतल्या धुळीत आणि तंत्रज्ञाच्या हाताला लावलेल्या क्रीममध्येही असते. आमच्याकडे एकदा थॅलेटांच्या एका तुकडीत शुद्ध पाण्याच्या कोऱ्या नमुन्यातही रुग्णांच्या नमुन्यांइतकेच उंच शिखर आलेखावर दिसू लागले. द्रावक बदलले, काचेची भांडी पुन्हा भाजून घेतली, तरी शिखर तसेच राहिले. शोध घेत घेत आम्ही शेवटी नव्याने उघडलेल्या विनाइल हातमोजांच्या खोक्यापाशी पोचलो. त्या तुकडीचे सगळे निकाल रद्द करावे लागले आणि लोकांना पुन्हा बोलवावे लागले. कोरा नमुना ठेवलेला नसता, तर तेच आकडे सहीशिक्क्यासह त्यांच्या हाती गेले असते.

म्हणून नमुना घेताना पुढील गोष्टींबाबत तडजोड करू नये. रक्त थेट शिरेतून धातूच्या सुईने घ्यावे. आधीपासून लावलेल्या सलाइनच्या नळीतून घेऊ नये, कारण मऊ पीव्हीसीची नळी हा थॅलेटांचाच साठा असतो. याच कारणाने रक्तपेढीच्या पिशवीतले रक्त या तपासणीसाठी निरुपयोगी ठरते. सीरम वेगळे करण्यासाठी तळाशी जेल असलेल्या नळ्या टाळाव्यात. पीएफएएससाठी पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापराव्यात, कारण काचेच्या भिंतींना ही संयुगे चिकटून बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. बुचाला आतून टेफ्लॉनचे अस्तर नसावे. पीबीडीईसाठी मात्र भाजून स्वच्छ केलेली काच अधिक विश्वासार्ह असते. एकाच नळीतून सगळ्या तपासण्या करून देतो असे कोणी सांगितले, तर हा मुद्दा त्याच्यापुढे ठेवावा.

नळ्यांची प्रत्येक नवी खेप वापरण्यापूर्वी तिच्यातल्या काही नळ्या शुद्ध पाणी भरून तपासाव्यात. त्याशिवाय नमुना घेण्याच्या जागीच, त्याच सुईतून आणि त्याच नळीत शुद्ध पाणी घेऊन ‘क्षेत्रीय कोरा नमुना’ तयार करावा आणि तो रुग्णांच्या नमुन्यांबरोबरच पुढच्या सगळ्या प्रवासाला पाठवावा. दहा ते वीस नमुन्यांमागे असा एक पुरतो. व्यक्तिगत तपासणी करून घेणाऱ्यानेही ‘माझ्या तुकडीतल्या कोऱ्या नमुन्याचा निकाल काय आला?’ असे निःसंकोच विचारावे. चांगल्या प्रयोगशाळेला या प्रश्नाचा राग येत नाही.

थॅलेटांची रक्तातली तपासणी अपरिहार्य असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. रक्तात एस्टरेज ही विकरे (एन्झाइम) असतात. नमुन्यात बाहेरून मिसळलेल्या डीईएचपीचे ती नळीतच एमईएचपीमध्ये रूपांतर करतात, आणि मग शरीरात तयार झालेले आणि नळीत तयार झालेले एमईएचपी वेगळे ओळखता येत नाही. रक्त घेतल्याबरोबर फॉस्फोरिक आम्ल घालून विकरे थांबवावी लागतात. याहून भक्कम उपाय म्हणजे एमईएचएचपी, एमईओएचपी, एमईसीपीपी ही ऑक्सिडीकरण झालेली पुढची रूपे मोजणे, कारण ती फक्त शरीरात तयार होतात, नळीत नाही.

यानंतर सीरम लवकरात लवकर वेगळे करून लहान लहान भागांत विभागावे, उणे २० अंश सेल्सियस किंवा शक्य असल्यास उणे ८० अंशांवर गोठवावे आणि पुन्हा पुन्हा वितळवू नये.

चौथी पायरी: मोजण्याची पद्धत विचारून घेणे

आज या कामासाठी सर्वमान्य पद्धत म्हणजे मिश्रणातली रसायने एकेक वेगळी करणारी लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि तिला जोडलेले, रेणूंच्या वस्तुमानावरून ती ओळखणारे टँडम मास स्पेक्ट्रोमीटर. पीबीडीईसाठी लिक्विडऐवजी गॅस क्रोमॅटोग्राफी. नमुना तयार करताना त्यात त्याच रसायनाचे जड कार्बनने किंवा ड्युटेरियमने चिन्हांकित केलेले रूप ठरावीक प्रमाणात घालतात. शुद्धीकरणात मूळ रसायनाचा काही भाग वाया गेला, तर चिन्हांकित रूपाचाही तितकाच जातो, आणि दोघांच्या गुणोत्तरावरून खरे प्रमाण काढता येते. याला समस्थानिक विरलन म्हणतात. अहवालात किंवा प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नसेल, तर नॅनोग्रॅमच्या पातळीवरचा आकडा विश्वासाने स्वीकारू नये. केवळ एलायझा संचावर (प्रतिपिंडांच्या साहाय्याने रसायन ओळखणाऱ्या सोप्या चाचणीवर) मोजलेले बीपीए प्राथमिक चाळणीपुरतेच धरावे.

पीएफएएस मोजताना यंत्राच्या आतले टेफ्लॉनचे भागही पार्श्वभूमीचे प्रदूषण देतात. म्हणून ते भाग बदललेले असावेत आणि यंत्राकडून येणारे प्रदूषण नमुन्याच्या शिखरापासून दूर ढकलणारा डिले कॉलम बसवलेला असावा. निकाल प्रमाणित सीरमशी ताडून पाहिले जातात का, हेही विचारावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे एसआरएम १९५७ आणि १९५८ हे सीरम यासाठीच तयार केलेले आहेत.

बीपीएच्या बाबतीत एक कसोटी कोणालाही लावता येते. प्रयोगशाळेकडून ‘एकूण’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही आकडे मागावेत. एकूण आकडा ग्लुक्युरोनिडेज विकराने जोडलेले रूप सोडवून काढतात. शरीरातून आलेले बीपीए बहुतांशी जोडलेल्या रूपात असायला हवे. अहवालात मुक्त बीपीएच बहुतांश दिसत असेल, तर ते नळीतून किंवा हवेतून आले असण्याची शक्यता आधी तपासावी. रक्तातील मुक्त बीपीएवरून शास्त्रज्ञांमध्ये जो दीर्घ वाद झाला, त्यात पाणी मुरत होते ते मुख्यतः इथेच.

पाचवी पायरी: अहवालातला आकडा वाचणे

सर्वप्रथम एकक पाहावे. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही एकके एकच आहेत. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर हे त्याच्या हजाराव्या भागाचे. नंतर द्रव पाहावा. पीएफएएसचे सीरममधले प्रमाण संपूर्ण रक्ताच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे बोटाला टोचून कागदावर घेतलेल्या थेंबाचा आकडा सीरमच्या मापदंडाशी तसाच्या तसा ताडू नये.

त्यानंतर शोधमर्यादा पाहावी, म्हणजे ज्याच्या खाली यंत्राला रसायन खात्रीने ओळखता येत नाही तो आकडा. समजा, सात कोऱ्या नमुन्यांत सरासरी ०.२० नॅनोग्रॅम आणि प्रमाण विचलन ०.०५ आले. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की शोधमर्यादा ०.३५ येते. अशा स्थितीत अहवालात ०.४० हा आकडा असेल, तर त्याचा अर्थ ‘असावे’ एवढाच घ्यावा. त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. ‘आढळले नाही’ याचा अर्थ शून्य नव्हे, आणि संशोधकांनीही तिथे शून्य भरू नये. शोधमर्यादेला दोनच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा भरण्याची पद्धत रूढ आहे.

लघवीच्या आकड्याला पाण्याच्या प्रमाणाची दुरुस्ती लागते, कारण भरपूर पाणी प्यायलेल्याची लघवी पातळ होते आणि आकडा उगाच कमी दिसतो. यासाठी क्रिएटिनिनने भागतात किंवा विशिष्ट गुरुत्वाने दुरुस्ती करतात. क्रिएटिनिन स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी विशिष्ट गुरुत्व अधिक बरे, असे माझे मत आहे.

पीबीडीईसाठी चरबीची दुरुस्ती करावी लागते, आणि तिचे सूत्र हाताने मांडता येते: एकूण कोलेस्टेरॉल गुणिले २.२७, अधिक ट्रायग्लिसराइड, अधिक ६२.३, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. कोलेस्टेरॉल २०० आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल, तर एकूण चरबी ६६६.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे लिटरमागे सुमारे ६.६६ ग्रॅम. सीरममध्ये बीडीई-४७ हे पीबीडीईंपैकी एक रसायन १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आढळले असेल, तर ते चरबीच्या प्रत्येक ग्रॅममागे १५ नॅनोग्रॅम होते. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड वाढते, म्हणून हा नमुना उपाशीपोटी द्यावा.

सहावी पायरी: कशाशी तुलना करायची?

मापदंड दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला प्रकार संदर्भमूल्यांचा. ती लोकसंख्येतल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये किती प्रमाण आढळते एवढेच सांगतात. ‘तुम्ही ९५ टक्क्यांच्या रेषेखाली आहात’ याचा अर्थ तुम्ही सुरक्षित आहात असा होत नाही. सगळ्यांचाच रसायनाशी संपर्क आलेला असेल, तर सरासरी माणूसही धोक्याच्या बाजूला असू शकतो.

दुसरा प्रकार आरोग्याधारित मूल्यांचा, आणि रक्तासाठी अशी स्पष्ट मूल्ये मोजक्याच रसायनांना आहेत. पीएफएएससाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ मध्ये सात संयुगांच्या बेरजेवर आधारित मार्गदर्शन दिले: बेरीज २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास आरोग्यावर परिणाम अपेक्षित नाही, २ ते २० या टप्प्यात, विशेषतः संवेदनशील व्यक्तींमध्ये, परिणामाची शक्यता आहे, आणि २० किंवा त्याहून अधिक असल्यास जोखीम वाढलेली आहे. जर्मनीच्या मानवी जैवनिरीक्षण आयोगाने हस्तक्षेपाची पातळी पीएफओएसाठी १० आणि पीएफओएससाठी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठरवली आहे. गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी ती अनुक्रमे ५ आणि १० आहे.

बीपीएसाठी मापदंड रक्ताऐवजी रोजच्या सेवनावर आधारलेला असतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये सहन करण्याजोगे दैनिक सेवन शरीराच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅमवर आणले, जे आधीच्या ४ मायक्रोग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाइतके आहे. सगळ्या नियामक संस्थांना हा आकडा मान्य नाही. पण युरोपीय संघाने २०२४च्या अखेरीस अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएच्या वापरावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला.

सातवी पायरी: आरोग्याशी नाते जोडताना

पुराव्याचे बळ प्रत्येक रसायनाचे वेगळे आहे आणि ते वेगळेच ठेवले पाहिजे. पीएफएएसच्या बाबतीत पुरावा सर्वात भक्कम आहे. वर उल्लेखिलेल्या २०२२च्या अहवालात लसीनंतरची प्रतिपिंडे कमी होणे, रक्तातील चरबी बिघडणे, गर्भ आणि अर्भकाची वाढ कमी होणे आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढणे या चार परिणामांसाठी पुरेसा पुरावा असल्याचे म्हटले आहे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला मानवासाठी कर्करोगकारक, आणि पीएफओएसला कदाचित कर्करोगकारक अशा गटात ठेवले.

थॅलेटांमधील डीईएचपी आणि त्याचे नातेवाईक गर्भातील पुरुष-संप्रेरकाची निर्मिती दाबतात. प्राण्यांत हे स्पष्टपणे सिद्ध झाले आहे, आणि गर्भवतींच्या लघवीतील प्रमाण व नवजात मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मोजमापांत दिसणारा फरक यांचा संबंध मानवी अभ्यासांतही आढळला आहे. म्हणून गरोदरपणातले आकडे मी अधिक गांभीर्याने घेतो. पीबीडीईंचा संबंध थायरॉइड संप्रेरके आणि मुलांच्या बौद्धिक विकासाशी जोडला गेला आहे.

बीपीएबाबत जरा सावकाश पाऊल टाकावे. २००८ मध्ये १,४५५ प्रौढांच्या अभ्यासात लघवीतील बीपीए जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि मधुमेह अधिक आढळले. पण लघवीचा नमुना आणि आजाराची नोंद एकाच वेळची होती. आजारामुळे आहार बदलला आणि आहारामुळे बीपीए बदलले असेही असू शकते, आणि सहा तासांत निम्मे होणाऱ्या रसायनाचा एक नमुना वीस वर्षांत घडलेल्या आजाराचे कारण सांगू शकत नाही. असाच उलटा प्रवाह पीएफएएसमध्येही संभवतो: मूत्रपिंडे मंदावली की रक्तातली पातळी बदलू शकते, आणि मासिक पाळीतला रक्तस्राव, बाळंतपण व स्तनपान यांमुळे ती उतरते. म्हणून अहवालाबरोबर क्रिएटिनिन, रक्तदानाचा इतिहास आणि बाळंतपणे यांची नोंद ठेवावी. हे आकडे आजाराचे निदान करत नाहीत. एका व्यक्तीच्या आकड्यावरून ‘तुमचा आजार यामुळेच झाला’ असे कोणत्याही डॉक्टरला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

प्लास्टिकच्या कणांविषयी

२०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात मोजण्याजोगे प्लास्टिक आढळल्याचे प्रसिद्ध केले. सरासरी होती १.६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. २०२४ मध्ये मानेच्या धमनीत साचलेल्या आणि शस्त्रक्रियेने काढलेल्या चरबीयुक्त थरांच्या अभ्यासात २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिएथिलीन आढळले, आणि ज्यांच्या थरात प्लास्टिक होते त्यांना पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण साडेचार पट दिसले. हे निष्कर्ष गंभीर आहेत. मात्र या मापनासाठी नमुना ऑक्सिजनविना प्रखर तापवून त्याच्या रेणूंचे तुकडे ओळखावे लागतात, आणि रक्तातली चरबी तशी तापतानाही पॉलिएथिलीनसारखेच तुकडे तयार होतात. ही अडचण पुरती सुटेपर्यंत, ‘रक्तातले मायक्रोप्लास्टिक मोजून देतो’ अशी व्यक्तिगत तपासणी पैसे देऊन करून घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. संशोधनात सहभागी होण्याची संधी आली, तर ती जरूर घ्यावी.

आठवी पायरी: आकडा हाती आल्यावर

‘विषद्रव्ये बाहेर काढणारी’ चूर्णे, रस आणि पट्ट्या यांच्या मागे लागू नये. त्यांनी ही रसायने कमी होतात असा पुरावा नाही. झटपट निघून जाणाऱ्या रसायनांसाठी उगम बंद करणे हाच उपाय, आणि त्याचे फळ लगेच दिसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच कुटुंबांतल्या २० जणांनी तीन दिवस डबाबंद आणि प्लास्टिकमध्ये बांधलेले अन्न टाळून ताजे अन्न खाल्ले, तेव्हा लघवीतील बीपीएची सरासरी ६६ टक्क्यांनी आणि डीईएचपीच्या चयापचयितांची ५० टक्क्यांहून अधिक उतरली. असा प्रयोग घरीही करता येतो. नेहमीच्या आहाराच्या आठवड्यात तीन नमुने द्यावेत, बदललेल्या आहाराच्या आठवड्यात तीन द्यावेत, आणि सगळे एकाच प्रयोगशाळेत एकाच तुकडीत मोजून घ्यावेत. गरम अन्न प्लास्टिकमध्ये न ठेवणे, थर्मल पावत्या उगाच हातात न धरणे आणि घरातली धूळ ओल्या फडक्याने पुसणे हे बदल करायला कोणताही अहवाल लागत नाही.

पीएफएएसची बेरीज २ ते २० या टप्प्यात असेल, तर पिण्याच्या पाण्याचा उगम आधी तपासावा, डॉक्टरांकडून कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणात रक्तदाब पाहून घ्यावा. २० किंवा त्याहून अधिक असल्यास त्याबरोबर थायरॉइडची तपासणी करावी आणि मूत्रपिंड, वृषण व मोठे आतडे यांच्या आजारांच्या लक्षणांवर लक्ष ठेवावे. ऑस्ट्रेलियातील २८५ अग्निशामकांच्या चाचणीत वर्षभर नियमित रक्तदान किंवा प्लाझ्मादान केल्याने पातळी उतरल्याचे दिसले, प्लाझ्मादानाने अधिक. तरी स्वतःच्या मनाने रक्त काढून घेण्याचे हे निमित्त होऊ नये.

फेरतपासणी कधी करावी याचे उत्तर गणितात आहे. एकाच प्रयोगशाळेच्या दोन मापनांमधला चढउतार १० टक्के असेल, तर दोन आकड्यांत सुमारे २८ टक्क्यांहून अधिक फरक पडल्याशिवाय तो खरा मानता येत नाही. पीएफओएसचा अर्धायुकाल चार वर्षे धरला आणि उगम पूर्ण बंद झाला असे मानले, तरी एका वर्षात पातळी १६ टक्क्यांनीच उतरते, आणि दोन वर्षांत २९ टक्क्यांनी. म्हणजे वर्षभराने केलेली तपासणी विनाकारण निराश करील किंवा विनाकारण आनंद देईल. दोन वर्षे थांबावे, त्याच प्रयोगशाळेत जावे, आणि पहिल्या वेळी उरलेला सीरमचा भाग गोठवून ठेवलेला असेल, तर तो नव्या नमुन्याबरोबर त्याच तुकडीत पुन्हा मोजण्याची विनंती करावी.